शेततळ्याचा कागद: ठिगळ लावावे की नवा अंथरावा?

प्रश्न (निफाड तालुका)
माझ्या द्राक्षबागेतील 30 × 30 × 3 मीटरच्या शेततळ्यात 2016 मध्ये 500 मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा (पॉलिथिनचा) कागद अंथरला होता. गेल्या पंधरवड्यापासून पाणी दररोज सुमारे चार सेंटीमीटर उतरत आहे. खरड छाटणी (द्राक्षवेलींची उन्हाळ्यातील छाटणी) नुकतीच उरकल्याने पाण्यात खंड पडू देता येत नाही आणि कालव्याच्या आवर्तनाचा (पाणी सोडण्याच्या पाळीचा) भरवसा नाही. एका विक्रेत्याने कागद न पाहताच तो बदलण्याचा सल्ला दिला; शेजारी म्हणतात, ठिगळावर भागेल. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (दिंडोरी)
आधी गळती किती, हे मोजावे. उन्हाळ्यात बाष्पीभवनानेच दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास पाणी जाते. काठाजवळ पाण्यात बादली टेकवून ती तळ्याच्या पातळीइतकीच भरावी आणि उपसा बंद ठेवून दुसऱ्या दिवशी दोन्ही पातळ्या पाहाव्यात. बादलीपेक्षा तळे जितके जास्त उतरले, तितकी खरी गळती. भरलेल्या तळ्यात एक सेंटीमीटर म्हणजे 9,000 लिटर, त्यामुळे हा हिशेब किरकोळ नाही. पातळी ज्या उंचीवर येऊन थबकते, त्या रेषेलगत चारही बाजूंनी छिद्र शोधावे.

उत्तर (चांदवड)
छिद्र एक की दहा, यावर निर्णय घेऊ नये. कागदात जीव किती उरला आहे, यावर घ्यावा. पाण्याखालचा कागद टिकतो, पण पाण्याबाहेर उघडा राहणारा पट्टा उन्हाने कडक होतो. त्या पट्ट्याची बोटभर रुंद चिंधी कापून घट्ट दुमडावी. ती दुमडीवर तडकली, तर तिथे लावलेल्या ठिगळाच्या कडेलाच कागद पुन्हा फाटेल. चिंधी लवचिक असेल आणि छिद्र उंदराने, खेकड्याने किंवा खड्याने पाडलेले असेल, तर संपूर्ण कागद बदलणे हा निव्वळ अपव्यय आहे. ठिगळ मात्र कागद कोरडा करून, घासून, गरम हवेच्या यंत्रानेच जोडावे. पॉलिथिनवर रबरी सोल्युशन धरत नाही. मी दोन वेळा पैसे घालवून हे शिकलो.

प्रश्नकर्ता
बादलीतील पाणी एक सेंटीमीटर उतरले, म्हणजे गळती तीन सेंटीमीटरची निघाली. चार दिवसांनी पातळी थबकली आणि त्या रेषेजवळ, पंपाच्या पाइपाखाली, दोन बोटांची फाट सापडली. तेथील कागद मऊ आहे; परंतु दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरील वरच्या पट्ट्याची चिंधी दुमडताच तुटली. त्यामुळे आता फाटेला ठिगळ लावून पाणी त्या कडक पट्ट्याच्या खालीच ठेवतो आणि मेअखेरीस तळे रिकामे झाले की नवा कागद अंथरतो.

उत्तर (दिंडोरी)
निर्णय योग्य वाटतो. नवा कागद अंथरण्यापूर्वी खडे, लव्हाळ्याच्या गाठी आणि उंदरांची बिळे काढून भराव चोपून घ्यावा, तसेच पाइपाखाली जुन्या कागदाचा जाड तुकडा ठेवावा. पावसाळ्यात तळे पूर्ण रिकामे ठेवू नये. खालून पाणी आले की कागद फुगून वर येतो. आणि चारही कोपऱ्यांत गाठी मारलेले दोर सोडावेत, कारण ओल्या कागदावरून पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.