विषय: स्मरणिकेतलं एक पान आणि पाजपंढरीची वही

प्रेषक: सचिव

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळातल्या एका लेकीने न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या वॅग्नर स्कूलमधून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली. स्नेहसंमेलनात तिचा सत्कार आहे. स्मरणिकेत एक पान त्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या यशाबद्दल द्यावं, असं कार्यकारिणीत ठरलं. संस्था १९३८ ची. न्यूयॉर्कचे महापौर रॉबर्ट वॅग्नर यांचं नाव तिला १९८९ मध्ये दिलं गेलं. एवढं माझ्याकडे आहे. पुढचं कोण लिहितंय? हर्णैचे काका, तुम्ही तिकडे कायमचे राहायला गेलात तरी लेखणी इथेच समजतो.

---

प्रेषक: काका, मुक्काम हर्णै

सर्वांना नमस्कार. पोरीला माझे आशीर्वाद कळवा.

पान लिहितो, पण पुरस्कारांची यादी माझ्याच्याने होणार नाही. तिथल्या एकाच कामाबद्दल लिहीन, कारण ते वाचल्यावर आपल्या मंडळाचा एक निर्णय चुकतोय हे मला स्वच्छ दिसलं.

जोनाथन मॉर्डक हे तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब घरांचा वर्षभराचा पैशांचा व्यवहार मांडला. दर पंधरवड्याला माणूस घरी जायचा, बसायचा आणि काय आलं, काय गेलं, कुणाकडून उसनं घेतलं, कुणाला दिलं ते टिपून घ्यायचा. 'वर्षाला किती मिळतं?' असा एक प्रश्न विचारून निघून जायचं नाही. बांगलादेशातल्या घरांत असं एकही निघालं नाही की ज्याचे पैसे ठेवण्याचे-फिरवण्याचे मार्ग चारांपेक्षा कमी होते. हातावर पोट म्हणतो आपण, पण त्या हातांत केवढा हिशोब असतो!

पुढे हीच पद्धत अमेरिकेत वापरली. २३५ कुटुंबं, कॅलिफोर्नियापासून मिसिसिपीपर्यंत. वर्षातले सरासरी पाच महिने असे निघाले की त्या घराची कमाई त्याच्याच सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वर तरी गेली किंवा खाली तरी आली. म्हणजे पैसा कमी असणं ही एक अडचण, आणि गरजेच्या वेळी तो हातात नसणं ही दुसरी. ही दुसरी अडचण वार्षिक उत्पन्नाच्या दाखल्यात कुठे दिसतच नाही.

मिसिसिपीचं वाचत होतो आणि डोळ्यांपुढे हर्णैशेजारची पाजपंढरी उभी राहिली. तुमच्यापैकी बरेच जण हर्णैच्या लिलावाला येऊन गेला आहात. होड्या लांब नांगरलेल्या, मासळी बैलगाडीतून पाण्यातून वर येते, संध्याकाळी वाळूवर बोली लागते. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी पाजपंढरीच्या. त्यांची नात आठवीत आहे, आपल्या शिष्यवृत्तीतली. गेल्या वर्षी मी तिला दोनशे पानी वही दिली आणि म्हटलं, रोज रात्री आजीला विचारून लिही. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले.

ती वही आत्ता माझ्या टेबलावर आहे. एप्रिल-मे महिन्यांत डावं पान भरलेलं, एखाद्या दिवशी चार आकडी रक्कमही आहे. मग होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या, बंदी लागली. जूनभर डावं पान जवळजवळ कोरं. सुकी मासळी विकल्याच्या तीन-चार ओळी, बस. उजवीकडे मात्र दाटी: वाणी, जाळ्याचा दोरा, छत्री, दप्तर, वह्या, एसटीचा पास. १८ जूनला डावीकडे एकच ओळ आहे: 'आजीची कुडी ठेवली, ४५००.' आणि १६ ऑगस्टला: 'मंडळाचे ५०००.' त्याच्या शेजारी, उजवीकडे: 'कुडी सोडवली, व्याजासकट ४८६०.'

आपण दिलेले पाच हजार मुलीच्या शिक्षणाला गेले, असं आपल्या अहवालात छापलं आहे. प्रत्यक्षात शिक्षणाला आजीची कुडी गेली आणि आपले पैसे कुडीला. व्याजाचे ३६० रुपये आपल्या उशिरामुळे गेले. वाटप १५ ऑगस्टला, झेंडावंदनानंतर, सगळ्यांसमोर व्हावं हा ठराव खजिनदार असताना मीच मांडला होता. तो बदलावा असं मी आज लेखी सुचवतो.

अजून एक. इथून जवळच्या मुरूडला अण्णा कर्वे वाढले. १८७५ मध्ये पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेसाठी ते पायी साताऱ्याला गेले, शंभर मैलांहून जास्त. तिथे साहेबांनी चेहऱ्याकडे बघितलं, वय कमी दिसतं म्हणाले आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. हातातला दाखला कुणी मानला नाही. पुढे याच माणसाने १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. लोकांच्या सेवेत जाणाऱ्या आपल्या लेकीला ही गोष्ट संमेलनात कुणीतरी सांगा. टेबलाच्या पलीकडे उभा असलेला माणूस किती चालून आला आहे, हे तिला रोज ओळखावं लागणार आहे.

---

प्रेषक: काकू, एडिसन, न्यू जर्सी

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाटपाच्या तारखेबद्दल मी तुमच्याबरोबर आहे. पण यादी नको म्हणालात ते पटलं नाही. मी रोह्याची. चिंतामणराव देशमुखांचं बालपण आमच्या रोह्यात गेलं. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून मोकळे झाले. शाळेत गुरुजी हे सांगायचे तेव्हा आम्ही मुली ताठ बसायचो. नावं लागतात हो मुलांना. मोठ्या अक्षरांत छापा.

आणि त्या यादीत नताशा इस्कंदर हे नाव घालाच. याही वॅग्नरच्याच प्राध्यापक. कतारमधल्या बांधकाम मजुरांवर त्यांनी मोठं काम केलंय. ज्यांच्या कागदावर 'अकुशल' लिहिलेलं असतं, ती माणसं प्रत्यक्षात किती कसबाचं काम करतात आणि त्यांना अकुशल ठरवण्यात कुणाचा फायदा असतो, हे त्या दाखवतात. माझ्या वर्गमैत्रिणीचे अब्बा श्रीवर्धनहून दोह्याला गेले. वीस वर्षं उंच इमारतींना पहाड, म्हणजे परांच्या, बांधायचे. गावी आले की अंगणात बांबू आणि सुंभ घेऊन आम्हाला गाठ दाखवायचे, वजन पडलं की आणखी घट्ट होणारी. तीन मजली घराला खालून नुसतं बघून किती बांबू लागतील ते सांगायचे. व्हिसावर 'लेबर' एवढंच. कोकणातल्या किती घरांचे चिरे अशा पैशांवर उभे आहेत! हे विद्यापीठात कुणी नीट मांडलं, याचा मला फार आनंद आहे.

---

प्रेषक: खजिनदार

काकांची सूचना मान्य, फक्त व्यवहार सांगतो. आपली रक्कम दापोली तालुक्यातल्या नोंदणीकृत संस्थेकडे जाते. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातली देणगी आधी दिल्लीला स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच घ्यावी लागते, आणि संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही. म्हणजे वाटप तिनेच करायचं. याद्या, खाते क्रमांक, पावत्या सगळं धरून मी सहा आठवडे मोजतो. जूनमध्ये मुलांच्या हातात पडायचे तर एप्रिल अखेरीस इथून निघायला हवेत. आजवर आपण मे महिन्यातल्या नाटकाच्या तिकिटांचे पैसे जमेस धरून मग पाठवत होतो, तिथेच उशीर व्हायचा. यंदा पाडव्याची वर्गणी तशीच पाठवू, नाटकाचे पैसे पुढच्या वर्षाला. कुणाची हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: काका, मुक्काम हर्णै

काकू, यादी छापा. रोह्याचा मान पहिला.

खजिनदार, मनापासून आभार. आज सकाळी मावशी पापलेट घेऊन आल्या तेव्हा विचारलं, पैसे नेमके कधी हवेत. त्यांनी पाटी खाली ठेवली, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "शाळा पंधरा जूनला. दप्तर दापोलीला घेतो आम्ही, एसटीने जाऊन. आठवडाभर आधी आले तर पोरीला बरोबर नेता येईल, तिच्या मनासारखं घेईल."

म्हणजे ८ जून. तेवढी तारीख ठरावात लिहा.