मदत हवी आहे: ग्रामसभेसाठी ‘सक्तीची देशसेवा’ ठराव लिहायचा आहे, दोन ओळींवर अडलेय

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव यायचाय: ‘अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला दोन वर्षं सैन्यात सक्तीने न्यावं, अशी ही ग्रामसभा शासनाकडे मागणी करते.’ सदस्यांमध्ये बी. ए. झालेली मी एकटीच, म्हणून मसुदा माझ्या गळ्यात पडला. चार रात्री झाल्या, पुढे सरकत नाही.

घडलं ते सांगते. वैशाखात गावात हळद होती. डीजे बंद झाल्यावर रात्री बारानंतर आठ पोरं तीन मोटारसायकलींवर शर्यत लावत निघाली. मारुतीच्या पाराजवळ एक आबा, सत्तरी ओलांडलेले, लघवीला उठले होते. त्यांना धडक बसली, खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. पोरं त्या रात्री थांबली नाहीत. गावाला धडकेपेक्षा हेच जास्त लागलं.

दुसऱ्या गाडीवर मागे माझा मुलगा होता. एकोणीस वर्षांचा. तिसऱ्या दिवशी त्याने मला सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

तेव्हापासून पारावर एकच बोलणं: “आते पोरे कोनं आयकतस नही, यासले मिल्ट्रीमा धाडा.” खरं सांगते, माझंही अर्धं मन तिकडेच आहे. माझे मामा फौजेत होते. सुट्टीवर आले की पहाटे उठून स्वतःचं अंथरूण स्वतः आवरायचे, कांबळ्याची घडी अशी की आजी सगळ्यांना बोलावून दाखवायची. माझ्या मुलाला ताटही उचलायला सांगावं लागतं. मग वाटतं, दोन वर्षं गेला असता तर?

पण आमच्याच अमळनेरला साने गुरुजी छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, त्यांची अंथरुणं नीट करायचे, आणि ते बघून मुलं शरमून कामाला लागायची, असं लहानपणापासून ऐकत आलेय. ती शिस्तच होती ना? हे मनात येतं आणि पेन थांबतं.

तीन गोष्टींत मदत करा. सक्तीने खरंच पोरं सुधारतात का, कुठे अनुभव आहे का? कायद्यात हे बसतं का? आणि बसत नसेल तर गावापुढे मी काय ठेवू? रिकाम्या हाताने गेले तर म्हणतील, स्वतःच्या पोराला वाचवतेय.

धुळेकर वकील

ताई, कायद्याचं आधी. घटनेच्या कलम २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आहे, पण त्याच कलमाचा दुसरा भाग सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा सरकारला देतो. अट एवढीच की केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग बघून भेदभाव करायचा नाही. मूलभूत कर्तव्यांतही, म्हणजे ५१ क मध्ये, देशाचं रक्षण आणि बोलावणं आल्यावर राष्ट्रसेवा आहे. तेव्हा घटना आड येत नाही. आपल्याकडे सक्तीची सैन्यभरती मात्र नाही, आणि संरक्षण हा विषय पूर्णपणे केंद्राचा. ग्रामसभेचा ठराव तिथे फक्त विनंती ठरतो.

जे गावाच्या हातात आहे ते मात्र तुम्ही लिहिलेलंच नाही. त्या आठांत अठराच्या आतलं कुणी गाडी चालवत होतं का? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ क आलंय. अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, शिवाय बारा महिन्यांसाठी गाडीची नोंदणी रद्द. चावी कोण देतं, यावर ग्रामसभेत आधी बोला.

चाळीसगावचा हवालदार

ताई, जयहिंद. बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली चार रंगरूट घडवण्यात गेली. अनुभवाचं सांगतो.

कांबळ्याची घडी भीतीने लवकर येते, आठ दिवसांत. पण रात्री पहाऱ्यावर कुणी बघत नसताना जागं राहणं भीतीने येत नाही. ते येतं सेक्शनमधून. दहा माणसं एका ताटात जेवतात, एकाची चूक दहाजण भोगतात, आणि हवालदार त्यांच्याआधी उठून त्यांच्यानंतर झोपतो. तुमची पोरं आबांना टाकून पळाली, हे आमच्याकडे सगळ्यात मोठं पाप. जखमीला मागे सोडायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात भरतात. तेवढ्यासाठी तुमच्या गावाची तळमळ मला समजते.

तरी सक्तीला माझा नकार आहे. माझ्याकडे आलेला प्रत्येक पोरगा धावून, निवडून, आईचा निरोप घेऊन आलेला असायचा. ज्याला यायचंच नाही त्याच्या हातात रायफल देऊन मी त्याच्या शेजारी झोपणार नाही.

आणि हिशोब करा. देशात दरवर्षी अठरा वर्षांचे होणारे तरुण दोन कोटींच्या वर. तिन्ही दलांत मिळून माणसं चौदा लाखांच्या आसपास. २०२२ ला अग्निपथ जाहीर झाली तेव्हा पहिल्या वर्षीच्या जागा ४६,००० होत्या. एवढ्या पोरांना बूट कोण देणार, शिकवायला हवालदार कुठून आणणार?

शहादा, रासेयो

मी महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघतो. ताई, ही सक्ती आपल्या देशाने करून पाहिलेली आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. संख्या एकदम फुगली, तेवढे अधिकारी आणि तेवढं सामान नव्हतं. १९६८ ला ती पुन्हा ऐच्छिक केली आणि पुढच्याच वर्षी, गांधी जन्मशताब्दीला, आमची योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर.

बाहेरचं सांगायचं तर अर्जेंटिनात सक्तीच्या भरतीसाठी ओळखपत्राच्या शेवटच्या तीन आकड्यांवर सोडत निघायची. म्हणजे कोण जाणार हे नशिबावर. त्यामुळे गेलेल्यांची आणि न गेलेल्यांची तुलना अभ्यासकांना नीट करता आली. गेलेल्यांमध्ये पुढे गुन्ह्यांचं प्रमाण थोडं जास्त निघालं, कमी नाही. स्वीडनमध्येही गरीब, आधीच अडचणीत असलेल्या घरांतल्या मुलांबाबत असंच दिसलं. डेन्मार्कमधल्या एका पाहणीत उलट आढळलं: आधी गुन्हा केलेल्या मुलांच्या चोऱ्या काही वर्षं कमी झाल्या. दक्षिण कोरिया, सिंगापूर यांची सक्ती संरक्षणाच्या गरजेतून आली, पोरं वळणावर आणायला नव्हे.

आपल्या खानदेशातलंच एक उदाहरण माझ्या मनात नेहमी असतं. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ज्या भिल्लांना इंग्रज लुटारू म्हणत होते त्यांच्यातूनच. आधी बळजबरीच्या मोहिमा करून झाल्या होत्या. आउट्रम डोंगरात गेला, त्यांच्याबरोबर शिकारीला हिंडला, मग नियमित पगार दिला, हुद्दा दिला. इंग्रजांचा हेतू राज्य टिकवण्याचा होता, त्याबद्दल मला प्रेम नाही. पण माणसं कशाने आली ते बघा.

तापीकाठचे नाना

सगळे नकोच म्हणताहेत, तर माझं ऐका. मला सक्ती हवी आहे. सैन्याची नसेल, पण एक वर्ष सेवेची. केळीचे बाग असलेल्याचा पोरगा आणि त्याच बागेत घड वाहणाऱ्याचा पोरगा कधी एका पंगतीत बसतात? शाळा वेगळ्या, क्लास वेगळे. ऐच्छिक ठेवलं की ज्याला गरज तो येतो, आणि ज्याच्या बापाकडे पैसा तो गाडी उडवत राहतो. माझ्या लहानपणी फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या गोष्टी वडील सांगायचे. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, मोठ्या घरची पोरंही राबली म्हणायचे. ते आपसूक झालं, मान्य. पण आता आपसूक होत नाही, त्याचं काय करणार?

पारोळा ग्राउंड

ताई, मी पोलीस भरतीची तयारी करतो, वय २२. पहाटे साडेचारला आम्ही वीसेक पोरं हायवेच्या कडेला धावतो. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत बसलं की पूर्ण गुण, त्या दहा सेकंदांसाठी वर्षं जातात. आम्हीही तेच मोबाईलवाले, हळदीत नाचणारे. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. ज्यांना यायचंय त्यांनाच जागा नाही, मग न येणाऱ्यांना ओढून कशाला न्यायचं? तुमच्या गावात धावायला ग्राउंड आहे का, एवढंच सांगा.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तराला दोन आठवडे लागले, कारण मधे बरंच घडलं.

हा धागा मुलाला वाचायला दिला. हवालदार भाऊंचं ‘जखमीला मागे सोडायचं नाही’ त्याने दोनदा वाचलं आणि उठून गेला. रात्री म्हणाला, “आई, आबांकडे मी एकट्याने जाऊ की सगळ्यांना घेऊन?” मी म्हटलं, तू ठरव. आठांपैकी पाच गेले. तिघांच्या घरच्यांनी पाठवलं नाही. त्यात एक सोळा वर्षांचा, पुढची गाडी तोच चालवत होता. वकील साहेब, तुमचं कलम त्याच्या वडिलांना मीच वाचून दाखवलं, चावी आता त्यांच्या कमरेला असते.

आबांनी पोरांना शिव्या दिल्या, भरपूर. मग म्हणाले, “माले फौज नको. माले चालता येस नही तोपर्यंत कोन्ही तरी सकायले पारवर लई चाला.” मोडकं शरीर घेऊन पारावर जाऊन बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं. नऊ दिवस झाले, पोरं आळीपाळीने त्यांना नेतात. माझा मुलगा एक दिवस उठला नाही. त्या दिवशी दुसरा गेला, आणि त्याने याच्याशी दोन दिवस बोलणं सोडलं.

सरपंचांना स्पष्ट सांगितलं, सैन्याच्या सक्तीचा ठराव मी लिहिणार नाही. नाना, तुमचा मुद्दा सोडलेला नाही. नव्या मसुद्यात आठवड्यातले दोन तास गावकामाचे आहेत, आणि यादीत पहिलं नाव सरपंचांच्या मुलाचं आहे. ते त्यांना आवडलेलं नाही. ग्रामसभेत काय होईल ते होईल.

ग्राउंड नाही. मराठी शाळेमागे एकरभर पडीक जागा आहे, काटेरी बाभूळ माजलीय. शाळेने हो म्हटलंय. पारोळ्याच्या भाऊ, २०० मीटरचा गोल आखायचा तर दोरी किती घ्यायची? चुना उद्या आणतेय.

पारोळा ग्राउंड

ताई, मधोमध खुंटी ठोका, तिथून ३१ मीटर ८३ सेंटीमीटर. सुतळी ताणते, नायलॉनची दोरी घ्या. आठ फेऱ्या म्हणजे १६००. बाभळीचे काटे आधी नीट वेचून घ्या, बरीच पोरं अनवाणी धावतात. रविवारी आम्ही चौघं येतो.