पिट दांपत्य: सुरुवात पहिल्या पुस्तकापासूनच करा

ॲन पेरींची थॉमस-शार्लट पिट मालिका, म्हणजे व्हिक्टोरियन लंडनमधला पोलीस अधिकारी थॉमस आणि त्याची बायको शार्लट यांच्या गुन्हेकथा, मधूनच सुरू केली तर चालेल का, असं विचारलंय. गुन्ह्याचं कोडं कळेल, पण निम्मी गंमत जाईल. पहिलं पुस्तक 'द केटर स्ट्रीट हँगमन' (1979), काळ 1881 चा. त्यात दोघांचं लग्न अजून व्हायचंय. तिथपासून निदान 'कॅलंडर स्क्वेअर' आणि 'पॅरागॉन वॉक' ही तीन तरी ओळीने वाचा.

कारण मालिकेचा सगळा डोलारा वर्गभेदावर उभा आहे. थॉमस पिट हा गेमकीपरचा, म्हणजे जमीनदाराच्या शिकारीच्या रानाच्या राखणदाराचा मुलगा, केस विस्कटलेले, खिसे सटरफटर वस्तूंनी फुगलेले. पोलिसाने मागच्या दाराने यावं, अशी बड्या घरांची अपेक्षा. शार्लट त्याच वर्गात वाढलेली, त्यामुळे चहाच्या वेळी थेट दिवाणखान्यात बसते आणि कोण कशावर गप्प झालं ते टिपते. स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग 1901 मध्ये आला, त्याआधीच्या तपासात असं ऐकलेलंच कामी येतं.

आणखी एक, वाचताना इंग्लंडमधला 1882 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा लक्षात ठेवा. तो 1 जानेवारी 1883 पासून लागू झाला. त्याआधीच्या कथेत बायकोचा पैसा बहुतेकदा नवऱ्याच्याच ताब्यात, म्हणजे खुनाचा हेतूच बदलतो!