ड्रॅग रेस : फोटोत गाडी उभीच का दिसते?

प्रश्न : ड्रॅग रेस (सरळ पट्ट्यावरची वेगाची शर्यत), लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीची धावपट्टी, कुंपणाबाहेरून 70-300 मिमीची झूम लेन्स, शटर 1/2000 सेकंद. गाडी पार्क केल्यासारखी दिसते. दुपारचे फोटो तर धूसरच. काय चुकतंय?

उत्तर 1 : 1/2000 ला चाकाचे आरेही गोठतात. 1/125 वर या, कमरेतून वळत गाडीसोबत फिरा, क्लिक झाल्यावरही थांबू नका; मागचं सगळं पुसट होतं आणि वेग दिसतो. सुरुवातीला बरेच फोटो वाया जाणार, त्याला इलाज नाही.

उत्तर 2 : धूसरपणा फोकसचा नाही, तापलेल्या डांबरावरच्या हवेचा. लांबचं टिपू नका, सकाळच्या हीट्स (शर्यतीच्या फेऱ्या) धरा.

उत्तर 3 : लाँच, म्हणजे गाडी सुटतानाचा क्षण हवा तर हिरव्या दिव्याची वाट बघू नका. चालक त्याआधीच्या शेवटच्या पिवळ्या दिव्यालाच सुटतो, बर्स्ट (सलग फोटो) तिथेच दाबा. आधीपासून दाबून धरलात की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि नेमकं पुढचं चाक उचलतं तेव्हा कॅमेरा गप्प! आणि हो, इअरप्लग विसरू नका.