जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डची रेस अडकते: कार्बोरेटर उतरवू का?

कर्लीकाठ:
देवबागला माझी १८ फुटी फायबर आहे. मागे ९.९ एचपीचं जुनं टू-स्ट्रोक मशीन, रेस टिलरच्या (होडी वळवायच्या दांड्याच्या) मुठीवर. धंद्याची नाही, गरवायला आणि कधीतरी कुर्ल्यांना जातो तेवढंच. मेअखेर होडी माडाखाली ओढली आणि वर ताडपत्री टाकली, ती नारळी पौर्णिमेनंतरच काढली. तिसऱ्या झटक्याला मशीन सुरू झालं म्हणून खूश होतो. पण मूठ गंजलेल्या नळासारखी फिरत होती. जोर लावला, तर कर्रकन अर्धी फिरली आणि तिथेच बसली. गियर पडलेला. भाऊ ओरडेपर्यंत होडी तिवरांत! लाल बटण दाबलं म्हणून थांबलो. माणूस पडला की मशीन बंद करणारी, मनगटाला बांधायची दोरी या मशीनला नाहीच.

मुठीवर डब्ल्यूडी-४० मारून झालं, दोन मिनिटं बरं वाटतं. जो तो सांगतोय की कार्बोरेटर उतरव. उतरवू का? आणि मूठ सोडली की रेस आपोआप उतरायला नको का, स्कूटरसारखी?

खाडीतलो_बाबू:
आधी माका सांग, न्यूट्रलात अडकता की गियरात पण? न्यूट्रलात मूठ पुरी फिरतच नाय, ता तसाच केलेला असता. आणि परत पाण्यात असा झाला आणि बटण चालला नाय, तर चोक ओढ. मशीन गुदमारता आणि बंद पडता. पेट्रोलची नळी काढून लगेच काय होणा नाय, कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्यावर ता चलत ऱ्हवता.

जुना_फिटर:
बाबूचं बरोबर आहे. फक्त रेस चढलेली असताना गियर ओढून काढू नकोस, आतले दात जातील. आधी मशीन बंद, मग गियर.

कार्बोरेटरला इतक्यात हात नको. स्कूटरची मूठ स्प्रिंगने मागे येते. टिलरची बहुतेक जिथे सोडली तिथेच राहते, ती हातानेच मागे आणायची. टिलरवर मूठ घट्ट-सैल करायचा स्क्रू असेल तर तो कोणी आवळून ठेवलाय का, तेही बघ.

आता झाकण काढ आणि दोन्ही प्लगच्या टोप्या काढून ठेव. फ्लायव्हीलखाली, म्हणजे वरच्या जड चाकाखाली, एक गोल प्लेट दिसेल. मूठ फिरवली की केबल ही प्लेट फिरवते आणि प्लेटचा कॅम (कडेचा उंचवटा) कार्बोरेटरवरच्या छोट्या रोलरला ढकलतो. तो रोलर बोटाने दाब आणि सोड. टक्कन मागे आला, तर कार्बोरेटर निर्दोष. मग केबलची टोकं प्लेटवरून सोडव, पण आधी नटांचा फोटो काढ, नाहीतर पुन्हा लावताना रडशील. प्लेट हाताने फिरव. जड फिरली, तर तिच्याखालचं जुनं ग्रीस वाळून मेण झालंय. हलकी फिरली, तर दुखणं केबलीत किंवा मुठीत.

कर्लीकाठ:
गियरात पण अडकत होती, बाबू. काल दुपारी बसलो. रोलर टक्कन मागे. प्लेट बोटाने फिरली, मलाच लाज वाटली. मग मुठीकडच्या टोकाला केबली सोडवल्या, तर मूठही मोकळी! दोन केबली आहेत, एक रेस चढवणारी, एक उतरवणारी. चढवणारी सरळ सरकते. उतरवणारी पकडीने ओढली तरी जेमतेम हलली, आणि आतून चहासारखं पाणी आलं. टिलर वर दुमडतो त्याच जागी बाहेरच्या काळ्या कव्हराला नखाएवढी चीर. दर वेळी मशीन गोड्या पाण्याने धुतो मी, पण पाणी तिथे कुठलं पोचायला! उतरवणारीच अडकलेली, म्हणून तर मागे येत नव्हती. तेल सोडून चालेल का?

जुना_फिटर:
नको. आत गंज धरलाय, आठवडाभर चालेल आणि नेमकी भरतीच्या तोंडावर अडकेल. दोन्ही बदल, एक नवी एक जुनी ठेवू नकोस. आत प्लास्टिकचं अस्तर असेल तर ग्रीस भरू नकोस. ग्रीस मुठीच्या आत आणि प्लेटखाली. बसवल्यावर मूठ पूर्ण मागे असताना रोलर कॅमपासून किंचित सुटा हवा. मग मशीन चालू करून टिलर डावीकडे-उजवीकडे पुरता वळव. वळवताना रेस स्वतःहून चढली, तर केबल ताणून बसलीय.

कर्लीकाठ:
दोन्ही बसवल्या. डावीकडे वळवताना आवाज थोडा चढत होता, नट दोन आटे सैल केल्यावर थांबला. आता मूठ एका बोटाने फिरते. भाऊ अजून पुढच्या फळीवर बसायला तयार नाही.