जुन्या गाडीचे कूलंट : पातळी बरोबर असली तरी बदलावे का?

सदनिका २०३ : सर्वांना नमस्कार. आमच्या गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली असून नुकतीच तिची पुढील पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करून घेतली आहे. चैत्रात आईला सप्तशृंगी गडावर दर्शनाला न्यायचे आहे. काल बॉनेट उघडले तेव्हा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीतली पातळी दोन्ही खुणांच्या मध्ये व्यवस्थित होती, मात्र मूळचा हिरवा रंग जाऊन ते गढूळ तपकिरी झालेले दिसले. पातळी बरोबर असताना बदलण्याची खरोखर गरज आहे का, हे अप्पांनी कृपया सांगावे.

सदनिका १०४ : भाऊ, गरज आहे, आणि गडावर जाण्यापूर्वीच आहे. टाकीवरच्या खुणांवरून द्रव किती आहे एवढेच कळते. त्यात दम किती उरला आहे, हे कळत नाही. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी रसायने असतात. ग्लायकॉल बराच काळ टिकते, पण गंजरोधक रसायने आपले काम करता करता संपत जातात, आणि ती संपली की तापून तापून ग्लायकॉलपासून तयार झालेली आम्ले धातूला खाऊ लागतात. इंजिनाचा लोखंडी ब्लॉक, त्याच्या वर बसणारे अॅल्युमिनियमचे हेड, अॅल्युमिनियमचाच रेडिएटर आणि आतले जोड हे सगळे एकाच द्रवात बुडालेले असल्यामुळे ही झीज आणखी वेगाने होते. आपण पाहिलेला तपकिरी रंग बहुधा ब्लॉकमधल्या लोखंडाचा गंज आहे. जुन्या पद्धतीचे हिरवे कूलंट साधारण दोन वर्षांनी, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेले दीर्घायुषी कूलंट साधारण पाच वर्षांनी बदलावे लागते. आपल्या गाडीची नेमकी मुदत पुस्तिकेत दिलेली असेल.

त्याआधी एक गोष्ट अवश्य तपासावी. टाकीत तेलाचा तवंग किंवा दुधाळ साय दिसली, अथवा ऑइलच्या झाकणाला आतून तसाच पांढरट चिकटा लागलेला असला, तर हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घेऊन आधी त्याची तपासणी करून घ्यावी, कारण तो दोष कूलंट बदलून जात नाही.

सदनिका ४०१ : अप्पा, आपल्या अनुभवाचा मान राखून विचारतो. कूलंट हे थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून घालतात, असे आम्ही ऐकत आलो. खान्देशात कोणाच्या गाडीत बर्फ झाला आहे? आमच्या जुन्या जीपमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे पाणी होते आणि ती शेतावर रोज जात असे.

सदनिका १०४ : नाना, आपला प्रश्न रास्त आहे आणि आपल्या भागात तो घरोघरी विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो. गोठण्याची भीती आपल्याला नाही, हे खरेच. आपली अडचण उकळण्याची आणि क्षारांची आहे. साधे पाणी १०० अंशांना उकळते, तर पाणी आणि ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब साधारण ०.९ ते १.१ बारने वाढवून ठेवते, त्यामुळे हेच मिश्रण प्रत्यक्षात १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला हवाच ४५ अंशांवर असते. अशा दुपारी शिरपूरकडून सेंधव्याला जाताना बिजासनच्या घाटात, एसी चालू ठेवून, मालाने भरलेल्या ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये सरकावे लागले, तर रेडिएटरला धावत्या गाडीचा वारा मिळत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर राहते. तेथे हे जादा अंश हेड वाचवतात. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर दाब धरला जात नाही, म्हणून कूलंटबरोबर झाकणही बदलावे. त्याला फार खर्च येत नाही.

बोअरच्या पाण्याचे म्हणाल, तर आपल्या गिझरची कॉइल एकदा बाहेर काढून पाहावी. तिच्यावर जो पांढरा, नखाने न निघणारा थर बसलेला असतो, तोच थर इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो, आणि धातूची उष्णता द्रवापर्यंत पोहोचूच देत नाही. आपल्या जीपचे जुने लोखंडी इंजिन आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर यांनी ते बरेच सोसले असावे. अॅल्युमिनियमचे हेड तेवढे सोसत नाही.

सदनिका २०३ : मिस्त्री म्हणतात की तीव्र फ्लशिंगचे औषध घालून आतून लख्ख करतो आणि थर्मोस्टॅट काढून टाकतो, म्हणजे गाडी कधीच तापणार नाही. तसे करू द्यावे का?

सदनिका १०४ : दोन्हीला माझा स्पष्ट विरोध आहे. पंधरा वर्षांच्या रेडिएटरमध्ये काही बारीक छिद्रे त्या जुन्या थरानेच बुजलेली असू शकतात. तीव्र औषधाने थर सुटला की गळती सुरू होते, आणि सुटलेले पापुद्रे हीटरच्या अरुंद नळ्यांत जाऊन अडकतात. थर्मोस्टॅट ही इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप आहे. ती काढल्यास इंजिन योग्य तापमानावर यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. काही इंजिनांमध्ये तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच फिरत राहतो. शंका असेल तर नवा बसवावा, पण जागा रिकामी ठेवू नये.

काम सावकाश करावे. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, झाकण उघडावे. गरम इंजिनाचे झाकण उघडल्यास उकळता द्रव थेट तोंडावर उडतो. रेडिएटरचा खालचा नळ, तो नसल्यास खालचा होजपाइप सोडून जुने कूलंट पसरट भांड्यात घ्यावे. होजपाइप हाताने दाबून पाहावेत; क्लिपजवळ फुगलेला, पिलपिलीत झालेला किंवा दाबताच तडे दाखवणारा पाइप लगेच बदलावा. नंतर डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवून, वरचा पाइप गरम होऊन पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवावे, थंड होऊ द्यावे आणि पाणी सोडावे. बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच पुन्हा करावे.

येथे एक बाब हमखास निसटते. सगळे पाणी सोडले तरी ब्लॉकमध्ये बरेच पाणी शिल्लक राहते. अशा वेळी तयार मिश्रण ओतले तर ते पातळ होते. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या एकूण क्षमतेच्या निम्मे कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) आधी घालावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. निम्म्याहून घट्टही करू नये, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. केवळ रंग जुळतो म्हणून कोणतेही कूलंट घेऊ नये. रंगाला ठरलेले प्रमाण नाही आणि न जुळणारी रसायने एकत्र आल्यास आत लगदा होऊ शकतो.

सदनिका ३०५ : अप्पा, एसीतून ठिबकणारे किंवा आरओचे पाणी चालेल का? आणि काढलेले जुने कूलंट कोठे टाकायचे? पार्किंगमधल्या मांजरीला पिल्ले झाली आहेत.

सदनिका १०४ : ताई, आरओच्या पाण्यात थोडे क्षार उरतातच आणि एसीच्या पाण्यात धूळ व धातूचे अंश येतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळत असताना दुसरे पाणी वापरू नये.

पिल्लांची आठवण केलीत, हे फार बरे झाले. ग्लायकॉल चवीला गोड असते आणि मांजर किंवा कुत्र्याने थोडेसे चाटले तरी मूत्रपिंड निकामी होऊन ते दगावते. लहान मुलांनाही तितकाच धोका आहे. म्हणून २०३ च्या भाऊंनी हे काम पार्किंगमध्ये न करता गॅरेजमध्ये करून घ्यावे, आणि जुने कूलंट गटारीत किंवा झाडाच्या आळ्यात न ओतता कॅनमध्ये बंद करून, वापरलेले ऑइल आणि रसायने रीतसर गोळा करणाऱ्याकडे देण्यास सांगावे. फरशीवर सांडलेच तर माती टाकून टिपून घ्यावे आणि मग भरपूर पाण्याने धुवावे.

सदनिका २०३ : अप्पा, मनापासून आभार. रविवारी सकाळी गाडी लावतो. गडावर निघण्याआधी आणखी काय पाहावे?

सदनिका १०४ : आत अडकलेली हवा हळूहळू बाहेर पडते, त्यामुळे पहिले काही दिवस टाकीतली पातळी थोडी उतरेल, रोज सकाळी थंड इंजिनावर पाहून त्याच मिश्रणाने भर घालावी. त्यानंतरही पातळी उतरतच राहिली, तर वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राजवळ ओल आहे का आणि हीटर गळून पुढच्या सीटखालचा गालिचा दमट लागतो का, हे तपासावे. कारण सापडेपर्यंत आईला त्या गाडीतून घाटात नेऊ नये.