प्रदर्शनात खपणारे नाचणी लाडू दुकानाच्या फळीवर का पडून राहतात?

नाचणीवाली_सातारा:
बचत गटाचे नाचणी-गूळ लाडू आहेत. 250 ग्रॅमचं पाकीट, त्यात 25 ग्रॅमचे 10 लाडू, एमआरपी 180 रुपये. भीमथडीसारख्या जत्रेत स्टॉलवर हातोहात जातात. सुपरमार्केटमध्ये मात्र कुणी उचलत नाही आणि मुदत संपत आली की माल परत येतो.

पाकीट तपकिरी क्राफ्ट कागदाचं, त्यावर सोनेरी छपाई. पुढच्या बाजूला सगळ्यात मोठं गटाचं नाव आहे. त्याखाली "शुगर फ्री", "कॅल्शियमने भरपूर", "ग्लुटेन फ्री", "100% नैसर्गिक", "मधुमेहींसाठी उत्तम", "घरगुती चव". आतलं प्रमाण: नाचणी पीठ 40 टक्के, गूळ 30, तूप 20, शेंगदाणे 10. पाकीट बदलावं की किंमत उतरवावी?

शेल्फपाहणी:
किंमतीला आत्ता हात लावू नका, ताई. स्टॉलवर तुमची बाई गिऱ्हाइकाला थांबवते, हे काय आहे ते सांगते आणि तुकडा हातावर ठेवते. दुकानात ही तिन्ही कामं एकट्या पाकिटाला करायची असतात, आणि तुमचं पाकीट पहिल्याच कामाला अडतं.

चालत्या माणसाला आधी रंग आणि आकार दिसतो, मग चित्र, मग मोठी अक्षरं. तपकिरीवर सोनेरी अक्षर ट्यूबलाइटखाली एका कोनातून चमकतं आणि दुसऱ्या कोनातून कागदात विरून जातं. देवनागरीत काना-मात्रा बारीक असतात, त्या तर आधी जातात. क्राफ्ट ठेवायचा असेल तर पांढरं लेबल चिकटवून त्यावर गडद अक्षरं घ्या.

"नाचणी लाडू" सगळ्यात मोठं, गटाचं नाव त्याच्या निम्म्याने. लाडवाचा खरा फोटो आणि "10 लाडू". विकत घेण्याचं कारण एकच लिहा. सहा कारणं एकाच मापात छापली की डोळा कशावरच ठरत नाही. पारदर्शक खिडकीचा मोह होईल, पण 20 टक्के तूप आहे. उजेडाने तूप लवकर खवट होतं, म्हणून फोटोच बरा.

छापायच्या आधी चाचणी घ्या. खऱ्या मापाचा नमुना दुकानातल्या शेजारच्या पाकिटांमध्ये ठेवा. माणसाला दोन मीटरवरून तीन सेकंद बघू द्या, मग पाठ फिरवायला सांगा आणि विचारा: "काय काय होतं? त्यातलं हे कशाचं? किंमत किती असेल?" "आवडलं का?" असं कधीच विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. गटातल्या बायका आणि नातेवाईक यात नकोत, कारण त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

लेबलतपास:
दावे कमी करायचे तर सुरुवात कायद्यात न बसणाऱ्यांपासून करा. "शुगर फ्री" आजच काढा. एफएसएसएआयच्या (देशातल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) 2018 च्या जाहिरात व दावे नियमांनुसार त्यासाठी 100 ग्रॅममध्ये साखर 0.5 ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि तुमच्यात 30 टक्के गूळ आहे. "साखर घातलेली नाही" हेही नको, कारण गूळ ही घातलेली साखरच. "गुळाचे" एवढं खरं आहे आणि लोकांना तेवढं पुरतं. "मधुमेहींसाठी उत्तम" तर थेट लोकांच्या तब्येतीशी खेळ आहे. हे वाचून एखादे आजोबा रोज दोन लाडू खातील.

"ग्लुटेन फ्री"साठी मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम. नाचणीत ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) नसतं, पण गहू दळणाऱ्या गिरणीतून पीठ आलं तर मर्यादा सहज ओलांडली जाते. वेगळी गिरणी आणि लॅब रिपोर्ट नसेल तर हा शब्द वापरू नका.

आता कॅल्शियम. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम. तुमच्या 40 टक्क्यांत ते 140 होतं, गुळाचं थोडं धरून 160 च्या आसपास. प्रौढाची रोजची गरज 1000 धरली तर "भरपूर" म्हणायला 100 ग्रॅममागे 300 लागतात. तिथे तुम्ही पोचत नाही. "कॅल्शियमचा स्रोत" याला 150 लागतात. ते काठावर बसेल, पण आधी लॅबमधून आकडा आणा.

किंमतकार:
किंमत महाग की स्वस्त हे गिऱ्हाईक शेजारी बघून ठरवतं. तुमचा दर ग्रॅमला 72 पैसे. बिस्किटांच्या फळीवर तो डोळ्यात खुपेल, सुक्या मेव्याच्या लाडवांशेजारी रास्त वाटेल. दुकानदाराकडून आधी जागा बदलून घ्या.

180 चे 179 करून हाती फारसं लागणार नाही. थॉमस आणि मॉर्विट्झ या संशोधकांच्या 2005 च्या प्रयोगांत एका सेंटचा फरक मोठा वाटला तो डावीकडचा अंक बदलला तेव्हाच. इथे डावीकडचा 1 तसाच राहतो.

वजन कमी करून किंमत तीच ठेवायचा विचार असेल तर तोही नको. पाच-दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यात काही ग्रॅम घटले तर लक्षात येत नाही, कारण बदल जाणवायला तो मूळ मापाच्या एका प्रमाणात असावा लागतो. लाडू मात्र मोजले जातात. दहाचे नऊ झाले की घरात लगेच कळतं. शिवाय आता पाकिटावर ग्रॅममागची किंमत छापावी लागते.

त्यापेक्षा दोन लाडवांचं 50 ग्रॅमचं पाकीट 40 रुपयांना काढा. चाखण्याला तोड नाही. लेविन आणि गेथ यांनी 1988 मध्ये एकच खिमा काहींना "75 टक्के निव्वळ मांस" आणि काहींना "25 टक्के चरबी" असं सांगून दिला. पहिल्या वर्णनाला पसंती जास्त मिळाली, पण खाऊन पाहिल्यावर हा फरक कमी झाला.

शेल्फपाहणी:
एक भर घालतो. पुढची बाजू मोकळी करा म्हणालो, मागची नव्हे. पेटी आणि कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञांची मांडणी इथे उपयोगी पडते: ज्याला विषयाची फिकीर असते तो मजकूर तपासून ठरवतो, बाकीचे दिसणं, नाव, ओळख यावर ठरवतात. लहान मुलासाठी खाऊ शोधणारी आई पाकीट उलटं करतेच. तिथे घटक उतरत्या वजनाने, टक्के आणि पोषणाचा तक्ता ठळक हवा. 100 ग्रॅमच्या आकड्याशेजारी एका लाडवाचाही द्या. टक्क्यांचा हिशोब दुकानात उभं राहून कुणी करत नाही.

नाचणीवाली_सातारा:
दावे काढते आणि छोटं पाकीटही करते. पण गटाकडे पाच चवी आहेत. जास्त पर्यायांनी गिऱ्हाईक गोंधळतं असं ऐकलंय. मग एकच ठेवू?

किंमतकार:
ते ऐकलेलं बहुतेक अय्यंगार आणि लेपर यांच्या 2000 च्या जॅमच्या प्रयोगातून आलेलं असणार. कॅलिफोर्नियातल्या दुकानात 24 जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी 3 टक्क्यांनी विकत घेतले, 6 मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. पण 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्याच्या भरवशावर चवी बंद करू नका.

तुमची अडचण जागेची आहे. पाच चवींचं एकेक पाकीट ठेवलं की प्रत्येक चव एकटी पडते आणि एक विकलं की तिथे खड्डा दिसतो. जास्त चालणाऱ्या दोन चवी घ्या आणि प्रत्येकीची दोन-तीन पाकिटं शेजारी-शेजारी लावा. दोन्हींचा पट्ट्याचा रंग वेगळा, मांडणी तीच. उरलेल्या तीन चवी जत्रेत विका, तिथे समजावून सांगायला माणूस असतं.